केरबामामाची पाच गिऱ्हाइकं

एका गावात एक भोळा भाचा होता. त्याचं नाव सोपान. भोळा म्हणजे किती, तर आईनं ‘दुधाकडे बघत बस’ म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो बघत बसायचा. बघायला सांगितलं होतं, उतरवायला कुठं सांगितलं होतं? असं सतरा वेळा झाल्यावर आईनं हात जोडले आणि त्याला आपल्या भावाकडे बोरजाई फाट्यावर पाठवून दिलं. आता भावानं आणि त्याच्या नशिबानं काय ते बघून घ्यावं.

भाऊ म्हणजे केरबामामा. फाट्यावर मामाचं हॉटेल होतं, हॉटेल निवांत. खाली बारीक अक्षरात ‘परमिट रूम’. आत चार टेबलं, बारा लाकडी खुर्च्या, एक फ्रिज, भिंतीवर बाटल्यांची फळी, फळीच्या वर काचेत घातलेला परवाना आणि त्याच्या शेजारी मामाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. वडिलांनी जन्मात थेंबाला स्पर्श केला नव्हता, पण फोटोला दुसरी जागा नव्हती.

वीस वर्षं हे दुकान बरं चाललं. मग गेल्या दिवाळीत रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, उत्तमशेठनं हॉटेल चांदणी उघडलं. लाल-हिरवे दिवे, मोठा टीव्ही, गुलाबी प्लास्टिकच्या खुर्च्या. माणसं काय, जत्रेतला पाळणा नवा असला की आधी त्यातच बसणार. मामाचं एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. राहिली फक्त पाच. पाचच, पण पक्की. मामा म्हणायचा, ही पाच टिकली तर दुकान टिकलं, नाहीतर टाळं लावून मी घरी बसलो म्हणून समज.

अशात मामाच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला शहरात लेकीकडे जायचं, आठवडाभर राहायचं. डोळ्यात थेंब घालायला मामीही बरोबर जाणार. दुकान कुणावर टाकायचं? मामानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि दुसरं कोणीच दिसेना म्हणून सोपानकडे बघितलं.

सोमवारी सकाळी गाडीची वाट बघताना मामानं त्याला जवळ घेतलं. म्हणाला, “ह्ये बघ, सोपान. रविवारी मी परत येतो. माझी पाची गिऱ्हाइकं बसल्याली दिसली, तर चारचौघांत तुला शहाणा म्हणीन.”

सोपानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला आजवर दीडशहाणा म्हटलं होतं, अतिशहाणा म्हटलं होतं, उंटावरचा शहाणा तर शाळेत रोज म्हणायचे. पण नुसतं शहाणा, मागेपुढे काही न लावता, कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं ठरवलं, मामा सांगेल त्यातला शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. खरं सांगायचं तर तिथंच सगळं बिघडलं.

गाडीच्या पायरीवर चढता चढता मामानं पहिला धडा दिला. गिऱ्हाईक म्हणजे देव. दिसलं की मोठ्यानं नाव घेऊन स्वागत करायचं, घरच्यांची चौकशी करायची, माणूस सुखावतो. सोपाननं धडा घोकला आणि दुकान उघडून दारात उभा राहिला.

पाचांतलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेंडे गुरुजी, शाळेचे हेडमास्तर. गुरुजी रोज दिवेलागणीच्या आधी यायचे, पण पुढच्या दारानं नाही. मागच्या उसाच्या फडातून, भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून, कुंपण ओलांडून यायचे आणि फ्रिजच्या आड बसायचे. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सगळं गाव पाळत होतं. गावची रीतच तशी. मास्तरांची अब्रू ती गावाची अब्रू.

त्या दिवशी फाट्यावर गाडीला बरीच माणसं थांबली होती. शाळेतल्या पोरांचे आईबाप होते, शाळा समितीच्या अध्यक्षीणबाईही होत्या. इतक्यात सोपानला मागच्या कुंपणावर मफलर दिसला. तो रस्त्याच्या कडेला आला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, “या शेंडे गुरुजी. मागनं कशाला, पुढनं या. बाई बऱ्या हायत न्हवं?”

सगळा फाटा वळून बघायला लागला. गुरुजींचा एक पाय कुंपणाच्या अलीकडे होता, एक पलीकडे. ते म्हणाले, “मी रस्ता चुकलो.”

“तुमी रोजच चुकताय, गुरुजी,” सोपान प्रेमानं म्हणाला. “या, फ्रिजमागं खुर्ची पुसून ठेवलीया.”

गुरुजी उसात शिरले ते दोन वावरं पलीकडे निघाले, आणि लांबचा वळसा घालून चांदणीच्या मागच्या दारानं आत गेले. तिथं त्यांना कोणी हाक मारली नाही. पाचांतलं एक गेलं, राहिली चार.

मंगळवारी सकाळी मामाचा फोन आला. डोळ्यावर पट्टी होती, पण कान चांगले होते. ऐकून मामानं कपाळाला हात लावला, तो पट्टीला लागला म्हणून मामी ओरडली. मामा म्हणाला, अरे, आपल्या धंद्यात माणसाला ओळख दाखवायची नसते. कोणी आलं तरी आपण त्याला जन्मात बघितलं नाही असं वागायचं.

“आसं व्हय,” सोपान म्हणाला. “आता चुकायचो न्हाई.”

त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक आलं, आनंदा मिस्त्री. बासष्ट वर्षांचा गवंडी. हॉटेल निवांतच्या भिंती त्यानंच बांधल्या होत्या, आणि बांधून झाल्यापासून तो खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसत आला होता. बोलायचा फार कमी. यायचा, बसायचा, मामा पुढ्यात आणून ठेवायचा, तो प्यायचा, दोन अंडी खायचा, जायचा. वीस वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं आणि त्यानं कोणाला काही सांगितलं नव्हतं.

मिस्त्री खुर्चीत बसला. सोपान समोर जाऊन उभा राहिला. “तुमी कोण?”

मिस्त्रीनं मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. “मी मिस्त्री.”

“कुठलं मिस्त्री?”

“आरं, ही भित मी बांधलीया.”

“आसंल,” सोपान म्हणाला. “मी वळखत न्हाई. वय किती तुमचं? दाखला हाय का? लहान पोरांस्नी हितं बसाय मनाई हाय.”

बासष्ट वर्षांच्या मिस्त्रीनं आपल्या पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला. जन्माचा दाखला आणायचा तर ज्या कचेरीतून आणायचा ती कचेरीही त्याच्या जन्मानंतरच उभी राहिली होती. तो उठला. जाताना त्यानं भिंतीवर तळहात टेकवला, जणू तिचा निरोप घेतला, आणि रस्ता ओलांडून गुलाबी प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसला. खुर्ची कण्हली, मिस्त्रीही कण्हला. राहिली तीन.

बुधवारी मामानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, सोपान, अरे जुन्या गिऱ्हाइकाला काही म्हणजे काही विचारायचं नसतं. ते तोंड उघडायच्या आत त्याचं रोजचं पुढ्यात आलं पाहिजे. त्याला काय लागतं ते आपल्याला पाठ पाहिजे, त्यालाच तर मुरलेला मालक म्हणतात.

सोपाननं सकाळभर पाठांतर केलं. राहिलेल्या तिघांचं काय काय रोजचं असतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. मामा काहीही म्हणो, पोराची नजर बारीक होती. अडचण एवढीच, की नजर बारीक असून भागत नाही.

दुपारी तिसरं गिऱ्हाईक आलं, रंगराव पाटील. पण आज पाटील बसायला आले नव्हते. त्यांच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं. शेजारच्या तालुक्यातले व्याही आणि विहीणबाई गाव बघायला आले होते. दोघं माळकरी, कांदालसूणसुद्धा वर्ज्य. गाडीला अजून अर्धा तास होता, ऊन रणरणत होतं, म्हणून पाटील त्यांना सावलीला घेऊन आले. मनातून धाकधूक होती, पण बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘हॉटेल’च होतं ना. बारीक अक्षरं वाचायला व्याह्यांना चष्मा लागायचा आणि तो ते घरी विसरले होते. पाटलांनी आदल्या दिवशीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आमच्या घराण्यात कोणी शिवत नाही. दोघांना बाटल्यांच्या फळीकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः समोर टेकले. पाटलांनी ‘तीन चहा’ म्हणायला तोंड उघडलं.

तोंड उघडायच्या आत आणायचं होतं, म्हणून सोपान धावतच आला. त्यानं पाटलांपुढे बाटली ठेवली, ग्लास ठेवला, सोडा ठेवला, कांदा घातलेले शेंगदाणे ठेवले. मग आत जाऊन एक उशी घेऊन आला आणि पाटलांच्या खुर्चीखाली सरकवून ठेवली.

विहीणबाईंनी विचारलं, “उशी कशाला हो?”

“चौथ्या गिलासाला पाटील आडवं होत्यात,” सोपान म्हणाला. “रोजच्यावानीच हाय समदं. काय कमी न्हाई ठेवलं.”

लग्न कसंबसं वाचलं. पाटलांना त्यासाठी देवळात जाऊन सर्वांसमक्ष शपथ घ्यावी लागली की परत हॉटेल निवांतची पायरी चढणार नाही. पाटील शब्दाचे पक्के. पायरी चढले नाहीत. चांदणीला पायरी नव्हती, तिथं सपाट फरशी होती. राहिली दोन.

गुरुवारी मामानं फोनवर देवाचं नाव घेतलं. मग सांगितलं, बरोबर पाहुणे असले ना, तर बाटली दिसूसुद्धा द्यायची नाही. पाण्याचे ग्लास ठेवायचे आणि नम्रपणे म्हणायचं, इथं तसलं काही मिळत नाही, पाहुणे.

सोपाननं मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं ट्रंकेतून मामीची लग्नातली चादर काढली आणि बाटल्यांच्या फळीवर वरपासून खालपर्यंत ताणून बांधली. दुकान न्हाव्याच्या दुकानासारखं स्वच्छ दिसायला लागलं.

राहिलेली दोन गिऱ्हाइकं म्हणजे जनूभाऊ आणि हिंदुराव. हे दोघे साडू. यायचे बरोबर, बसायचे समोरासमोर, भांडायचे आणि गळ्यात गळे घालून जायचे. त्या दिवशी हिंदुरावाच्या नातवाचं जावळ होतं. बोकड कापला होता, पैपाहुणे जमले होते. हिंदुरावानं वट दाखवायला बारा पाहुण्यांना निवांतमध्ये आणलं. समोरची चांदणी सोडून मुद्दाम इथं आणलं, हे लक्षात घ्या. मामा तिथं असता तर आनंदानं त्यानं फेटाच बांधला असता. दुकानाचं दैव पालटायला एवढी एक दुपार पुरली असती.

चौदा माणसं बसली, दोघं तर खिडकीत बसले. हिंदुराव म्हणाला, “सोपान, आज हात आखडू नगंस. समद्यांस्नी आण.”

सोपाननं चौदा ग्लास पाणी आणून ठेवलं. हात जोडून म्हणाला, “हितं तसलं काय मिळत न्हाई, पाव्हणं.”

“आरं, मी हिंदुराव.”

“व्हय. पर बरुबर पाव्हणं हायती.”

जनूभाऊनं चादरीकडे बोट केलं. “मग त्येच्या मागं काय हाय?”

“भित हाय,” सोपान म्हणाला. हे खोटं नव्हतं, फळीच्या मागे भिंतच होती.

एक म्हातारा पाहुणा ग्लास उचलून प्यायला आणि म्हणाला की पाणी मात्र गोड आहे. बाकीचे बारा जण हिंदुरावाकडे बघत राहिले. हिंदुरावाची मान त्याच्या साडूसमोर खाली गेली, आणि साडूसमोर खाली गेलेली मान माणूस कधी विसरत नाही. चौदाही जण वरातीसारखे रस्ता ओलांडून गेले. राहिलं शून्य.

संध्याकाळी सोपान रिकाम्या दुकानात एकटाच बसला. पाच खुर्च्या त्यानं पुसून ठेवल्या होत्या. समोर चांदणीत त्याला पाचही जण दिसत होते. गुरुजी मफलरमध्ये घामाघूम झाले होते, कारण तिथं आड बसायला फ्रिज नव्हता. मिस्त्री सारखा कूस बदलत होता. सोपानला फार वाईट वाटलं. आपण सांगितल्याबाहेर एक अक्षर केलं नाही, तरी असं का होतं, हे त्याला कळेना. खरं तर पोरगं कष्टाळू होतं आणि मनानं सोन्यासारखं होतं. पण सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही.

शुक्रवारी मामाचा आवाज बसला होता. म्हणाला, सोपान, चौदा माणसं दारात आली आणि तू जाऊ दिलीस? आता नीट ऐक. दारात आलेला माणूस परत जाता कामा नये. हाताला धरायचं, बसवायचं, आणि बसला की उठू द्यायचं नाही.

“उठू द्याचं न्हाई,” सोपान म्हणाला. “कळलं.”

अकरा वाजता शहराकडे जाणारी गाडी फाट्यावर थांबली. इंजिन तापलं होतं. ड्रायव्हर बादली घेऊन निवांतच्या दारात आला. सोपाननं त्याचा हात धरला.

“बसा.”

“बसायचं नाही. पाणी पाहिजे, गाडी तापलीया.”

“गाडीलाबी आत आणा,” सोपान म्हणाला, आणि त्याला खुर्चीत दाबून बसवलं. सोपानचा हात म्हणजे लहानपणापासून बैल आवरलेला हात होता. ड्रायव्हर दोनदा उठला, दोनदा बसला.

ड्रायव्हर का येईना म्हणून कंडक्टर आला. त्यालाही बसवलं. कंडक्टर शिट्टी वाजवायला लागला, म्हणून काय झालं ते बघायला पाठोपाठ उतारू आले. एकेकाला सोपाननं हाताला धरून आत घेतलं. खुर्च्या संपल्यावर टेबलांवर बसवलं, टेबलं संपल्यावर खाली बसवलं. शेवटी कडी लावून घेतली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. बेचाळीस माणसं झाली. त्यात कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेली एक म्हातारी होती. तिनं सगळ्या दुकानातले शेंगदाणे खाल्ले आणि अंडी उकडलेली आहेत की कच्ची, ती विकायची आहेत की नाहीत, याची सविस्तर चौकशी केली. कोणी एक थेंब मागितला नाही. पण हॉटेल निवांत एवढं भरलेलं वीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं, आणि सोपानचा ऊर भरून आला.

दीड तासानं ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पडला. मग कंडक्टर पडला, मग सगळे उतारू पडले, आणि म्हातारीला कोंबड्यांसकट चौघांनी खाली उतरवून घेतलं. त्या मार्गावरच्या ड्रायव्हर लोकांनी आपसात ठरवून टाकलं की बोरजाई फाट्यावर इकडच्या अंगाला गाडी उभी करायची नाही. येतानाची असो की जातानाची, गाडी पलीकडे चांदणीच्या दारातच थांबायची. म्हणजे आता गिऱ्हाईक तर गेलंच होतं, वाट चुकून कोणी येईल ही आशाही रस्ता ओलांडून गेली.

शनिवारी मामानं फोन केला. आता त्याच्या बोलण्यात रागही राहिला नव्हता. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून तो रडतही नव्हता. तो नुसता थकून म्हणाला, “सोपान, मी उद्या येतो. आता काय सांगू तुला? आरं लेका, चार भितींला काय दुकान म्हनत्यात का? गिऱ्हाईक आसंल तिथंच दुकान आसतंय, येवढंच ध्यानात ठेव.”

सोपाननं फोन ठेवला आणि विचार केला. तो विचार करायचा तेव्हा त्याचे कान हलायचे. पाच मिनिटं कान हलले. गिऱ्हाईक कुठं आहे? चांदणीत. मग दुकान कुठं पाहिजे? चांदणीत. आणि दुकान आहे कुठं? इकडे. मग चूक कुठं झाली, ते त्याला आठ दिवसांत पहिल्यांदाच लख्ख दिसलं. मामाचं गिऱ्हाईक बरोबर जागी होतं, दुकानच चुकीच्या जागी राहिलं होतं.

तो कामाला लागला. आधी खिडकीजवळची खुर्ची डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. उत्तमशेठ गल्ल्यावर बसला होता.

“ह्ये काय?” उत्तमशेठनं विचारलं.

“दुकान.”

“कुणाचं?”

“मामाचं.”

“मग हितं कशाला आणलंस?”

“गिऱ्हाईक हितं हाय न्हवं,” सोपान म्हणाला, आणि दुसरी खुर्ची आणायला गेला.

उत्तमशेठ काही वाईट माणूस नव्हता, पण व्यापारी होता. लक्ष्मी स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून येत असली तर कोणता व्यापारी तिला पत्ता विचारतो? त्यानं खुर्चीकडे बघितलं. शिसवी लाकूड, रुंद पाठ. त्यानं आपली दोन माणसं मदतीला दिली आणि सोपानला चहा पाजला.

बारा खुर्च्या गेल्या. चार टेबलं गेली. फ्रिज गेला, त्याला सहा जण लागले. फळी गेली, बाटल्या गेल्या, मामीची चादर गेली. सोपान व्यवस्थित माणूस. जिथलं तिथं ठेवायचं म्हणजे ठेवायचं. खिडकीजवळची खुर्ची खिडकीजवळ, फ्रिज कोपऱ्यात आणि फ्रिजच्या आड एक खुर्ची. पाटलांच्या खुर्चीखाली उशी. काचेतला परवाना आणि आजोबांचा फोटो त्यानं चांदणीच्या टीव्हीच्या वर लावला आणि फोटोला ताजा हार घातला. दारावरचं लिंबू आणि मिरच्या काढून आणल्या. मग दारच कशाला मागे ठेवायचं म्हणून दारही काढून आणलं. सगळ्यात शेवटी शिडी लावून ‘हॉटेल निवांत’चा बोर्ड उतरवला आणि चांदणीच्या दिव्यांच्या मधोमध ठोकला.

आणि काय सांगू, पाचही गिऱ्हाइकं खूश झाली. मिस्त्री आपल्या खुर्चीत बसला आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याची पाठ सरळ झाली. गुरुजी फ्रिजच्या आड गेले आणि त्यांनी मफलर सैल केला. पाटलांना पायरी चढावी लागली नाही. दोन्ही साडू समोरासमोर बसून लगेच भांडायला लागले. सोपानला आता कोणाला काही विचारायची गरजच पडेना, कारण जो तो आपापल्या जागी होता. त्यानं ज्याचं त्याला नेऊन दिलं. एक चूक झाली नाही. रविवारची दुपार होईतो आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला आली आणि बसूनच राहिली.

रविवारी दुपारी गाडी चांदणीच्या दारात थांबली. मामा उतरला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. मागून मामी बोचकं घेऊन उतरत होती. मामानं मान वर केली, तर समोर आपला बोर्ड. त्याला वाटलं, गाडी नेहमीसारखीच आपल्या दारात थांबली. तो आत शिरला. आपल्या बारा खुर्च्या, आपली फळी, आपल्या वडिलांचा फोटो, त्याला ताजा हार. खिडकीशी मिस्त्री. फ्रिजच्या आड मफलर. पाटील, जनूभाऊ, हिंदुराव. पाचांची पाच. वर आणखी तीस-चाळीस माणसं उभी राहून जागेची वाट बघत होती. लाल-हिरवे दिवेही दिसले. मामाला वाटलं, पोरानं दिवेसुद्धा लावले.

मामी मागून त्याची बाही ओढायला लागली. मामा म्हणाला, “थांब ग, मला बोलू दे.” डॉक्टरांचं सांगणं विसरून मामा रडला. चष्म्याखालून पाणी गालावर आलं. आठ दिवस लेकीच्या घरी तो दुकान गेलं असंच धरून झोपत होता. त्यानं सोपानच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मंडळी, आजवर मी ह्या पोराला नको नको ते बोललो. आज चारचौघांत सांगतो. सोपान शहाणा हाय.”

नुसतं शहाणा. मागेपुढे काही नाही. सोपानचा चेहरा असा फुलला की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. पाचही गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. गल्ल्यावरून उत्तमशेठनं सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या.

मामा थबकला. आपल्या गल्ल्यावर उत्तमशेठ काय करतोय, हे त्याच्या ध्यानात येईना. तेवढ्यात मामीनं पुढे येऊन त्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि मान हळूच रस्त्याकडे वळवली. तिनं चष्माही काढून घेतला.

रस्त्याच्या पलीकडे काहीतरी उभं होतं. त्याला दार नव्हतं, बोर्ड नव्हता. आत कोणाचीतरी शेळी रवंथ करत होती.

मामानं डोळे चोळायला हात वर नेला, तो मामीनं धरला. मग त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं, “सोपान, त्ये पल्याड काय हाय रं?”

“भिती हायत्या, मामा,” सोपान म्हणाला. “तेवढ्याच ऱ्हायल्यात. मिस्त्रींस्नी सांगितलंया, उद्या सकाळी त्याबी हिकडं आणतो.”